आटगाव ते माळशेज : विळ्याने राखलेले गवत

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल आसनगाव सोडते आणि पुढच्याच स्थानकावर, आटगावला, शहर मागे पडल्याची खूण मिळते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या या गावाच्या पश्चिमेला माहुलीचे सुळके आहेत, पूर्वेला भातसा धरणाचे पाणी, आणि मधल्या पट्ट्यात भाताची खाचरे, सागाचे रान आणि उतारांवरचे गवत. हे गवत भाद्रपदाच्या अखेरीस कमरेला लागते, कार्तिकात पिवळे पडते आणि फाल्गुनापर्यंत एक तर कापलेले असते किंवा जळून काळे झालेले असते. यातले काय झाले, यावर इथल्या गुरांचे आणि पाखरांचे पुढचे वर्ष अवलंबून असते. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याशीही त्याचा संबंध आहे, मात्र तो इतका सहज दिसत नाही.

महसुली दप्तरात या गवताला स्वतःचे नाव नाही. सखल खाचरांत भात होते, ती जमीन चांगली. तिच्या वरची, उताराची आणि हलक्या मातीची जमीन म्हणजे वरकस. वरकसात नाचणी, वरी, तीळ, खुरासणी अशी पिके दोन-तीन वर्षे घेत आणि मग काही वर्षे जमीन गवताला सोडून देत. ज्या खडकाळ तुकड्यावर पीक येणारच नाही, तो सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून नोंदला जातो. या शब्दांनी गवताचे मोठे नुकसान केले आहे. ज्या जमिनीवर दावणीची गुरे पोसली गेली, घरे शाकारली गेली आणि खाचराचा राब भाजला गेला, ती कागदावर मात्र 'खराब' ठरली.

राबाची रीत कोकणाबाहेरच्या वाचकाला ठाऊक असेलच असे नाही. भाताची रोपे जिथे तयार करायची, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, झाडांच्या कवळ्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचतात, वर माती पसरतात आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन तो ढीग हळूहळू भाजतात. तणाचे बी मरते, राख मिसळते आणि पहिल्या पावसात त्यात भात पेरतात. एका खाचराच्या रोपासाठी त्याच्या वरचा सगळा उतार कामाला लागत असे. म्हणजे भात आणि गवत हे दोन वेगळे धंदे नव्हते. वरकस होते म्हणून खाचर पिकत होते.

गवताला पैसा मिळाला तो रेल्वेमुळे. कल्याणहून निघालेला लोहमार्ग १८५५ साली वाशिंदपर्यंत, १८६० साली आसनगावपर्यंत आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत पोचला. आटगाव या शेवटच्या टप्प्यात येते. त्या काळी मुंबई जनावरांच्या बळावर चालत होती. १८७४ ते १९०५ या काळात शहरातल्या ट्रामगाड्यासुद्धा घोडे ओढत. घोडागाड्या, बैलगाड्या आणि दुधाचे तबेले या सगळ्यांना रोज वैरण लागे आणि ती आसपासच्या जिल्ह्यांतून येई. दिवाळीच्या सुमारास भात कापून झाले की विळे गवताकडे वळत. पेंडी, पेंड्यांचा भारा, भाऱ्यांची उडवी आणि उडवीतून दाबून बांधलेले गठ्ठे, असा त्या गवताचा प्रवास असे. १९४९ साली आरे दुग्धवसाहत उभी राहिल्यानंतरही जोगेश्वरी-गोरेगावचे आणि पुढे भिवंडी-कल्याणकडचे तबेले ठाणे जिल्ह्याच्या गवतावर विसंबून राहिले.

आता हा व्यवहार आटला आहे. नांगराची जागा पॉवर टिलरने घेतली, बैल कमी झाले आणि कौले-पत्रे आल्यावर गवती छपरे गेली. गवत कापायला मजूर लावावेत, तर मजुरीचा खर्च गवताच्या भावातून निघत नाही. त्याच वेळी वरकसाला वेगळे गिऱ्हाईक मिळाले. गोदामे, फार्महाऊस आणि 'सेकंड होम'चे फलक मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेने वाशिंदपासून खर्डीपर्यंत दिसतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तोही याच तालुक्यातून जातो. जे उतार विकले गेले नाहीत, त्यांतल्या कितीतरी उतारांवर विळा फिरत नाही. न कापलेले गवत म्हणजे राखलेले गवत, असा शहरी समज असतो. आटगावच्या उतारावर त्याचा अर्थ वणव्यासाठी रचून ठेवलेले सरपण एवढाच होतो.

हे गवत मुळातले की जंगल तोडून आलेले, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. कुरण परत आणण्याची सगळी भाषा त्यावर अवलंबून आहे.

देशावर उत्तर बरेच सरळ आहे. पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातली माळराने प्राचीन आहेत. मध्ययुगीन मराठी वाङ्मय, लोककथा आणि ओव्या यांतले वनस्पतींचे उल्लेख तपासून अभ्यासकांच्या एका गटाने २०२५ साली असे दाखवले की पश्चिम महाराष्ट्राचा हा मोकळा, काटेरी आणि गवताळ मुलूख निदान साडेसातशे वर्षे तरी असाच आहे. जुन्या मजकुरांत सापडलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी जवळपास दोनतृतीयांश वनस्पती माळरानाच्या होत्या, दाट जंगलाच्या जेमतेम. ही माळराने म्हणजे उजाड झालेले अरण्य, ही शाळेपासून शिकवली जाणारी समजूत त्यामुळे ढिली झाली. मराठी साहित्याचा असा उपयोग होईल, हे आधी कोणाच्या मनात आले नसेल.

शहापूर-मुरबाडला मात्र हे उत्तर जसेच्या तसे लागू होत नाही. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसात खोल मातीवर साग, ऐन, बिबळा, धावडा, मोह यांचे रानच उभे राहते. तिथले गवत बहुतेक माणसाने राखलेले असते. कुऱ्हाड, विळा, गुरांचे तोंड आणि आग यांनी झाडांना वर येऊ दिले नाही, म्हणून ते टिकले. कड्यांच्या माथ्यावर आणि कातळसड्यावर गोष्ट उलटी आहे. तिथे बोटभर मातीखाली सलग खडक असतो, पावसाळ्यात पाणी साचते, मार्गशीर्षात भेगा पडतात आणि झाड जगूच शकत नाही. अशा जागी गवत मुळातलेच. पश्चिम घाटाच्या सड्यांवर 'ग्लायफोक्लोआ' नावाच्या प्रजातीची वीतभर उंचीची गवते आढळतात. भारतीय द्वीपकल्पाबाहेर ती कुठेच नाहीत. जी वनस्पती जगात फक्त कातळावरच सापडते, तिला जंगलतोडीचा उरलेला गाळ म्हणता येणार नाही.

म्हणून या तालुक्यांत 'कुरण पुनर्स्थापना' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या कामांसाठी वापरावा लागतो. सड्यावर मुख्य काम हात आवरण्याचे आहे. तिथे खड्डे खणू नयेत, माती आणून टाकू नये, झाडे लावू नयेत. वरकसावर मुख्य काम हात चालवण्याचे आहे. वृक्षारोपणाच्या उत्साहात नेमके याच्या उलट घडते.

आटगावहून पश्चिमेला तानसा तलावाकडे रस्ता जातो. तानसाचे दगडी धरण १८९२ चे. त्याच्या भोवतीचे तानसा अभयारण्य तीनशे चौरस किलोमीटरहून मोठे आहे आणि त्याचा बराचसा भाग सागाचा, पानगळीचा आहे. फेब्रुवारीत या रानातून चालले तर पायाखाली सागाची वाळलेली पाने पापडासारखी मोडतात आणि मधूनमधून झाडे विरळ होऊन गवताचे तुकडे येतात. २०१४ साली याच अभयारण्यात रानपिंगळा सापडला. १८७३ साली शास्त्राला माहीत झालेले हे घुबड १८८४ नंतर नाहीसे झाल्याचे मानले जात होते. १९९७ मध्ये ते आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसले. इतर पिंगळ्यांसारखा तो रात्रीचा नाही. दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसतो आणि खालच्या मोकळ्या जमिनीवरचे सरडे, उंदीर, नाकतोडे टिपतो. झाडाच्या ढोलीत घर आणि गवतात शिकार, अशी त्याची विभागणी आहे. रान पूर्ण मिटून दाट झाले तर त्याची शिकार जाईल आणि पूर्ण उघडे झाले तर त्याचे घर.

गवतावर उघडपणे जगणारी पाखरे वेगळी. टिटवी, चंडोल, तीरचिमणी, लावा आणि रातवा जमिनीवरच घरटे करतात किंवा नुसत्या खळग्यात अंडी घालतात. मुनिया गवताच्या बियांवर जगते. कापशी घार हवेत एका जागी पंख मारत थांबते आणि खालचा उंदीर हेरते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्ये संध्याकाळी गवतालगत उडत जातात आणि रात्री त्याच गवतात जमिनीवर विसावतात. सुगरणीचे तर सगळे बांधकामच गवतावर. नर एखाद्या लांब पात्याच्या कडेला चोचीने खाच घेतो, पाते चिमटीत धरल्यासारखे पकडून उडतो आणि त्या उडण्याच्या ओढीनेच लांब धागा सोलून निघतो. असे शेकडो धागे विणून खोपा होतो आणि हे सारे पावसाळ्यात, म्हणजे गवत हिरवे आणि चिवट असताना. सुके गवत तिच्या कामाचे नाही. ससा, कोल्हा, तरस हेही याच उघड्या भागाचे रहिवासी आहेत. बिबट्या दोन्हीकडे वावरतो.

गवत जवळून पाहायचे तर कुसळीची काडी हातात घ्यावी. कार्तिकात तिचे तुरे काळसर होतात आणि एकमेकांत गुंतून वेणीसारखे दिसतात. एक बी सुटे केले की खालचे टोक सुईसारखे टोकदार असते, त्यावर मागे वळलेले केस आणि वर बोटभर लांब, दोन ठिकाणी वाकलेले कुसळ. या कुसळावर पाण्याचा थेंब टाकला की ते तळहातावर आपोआप फिरू लागते. सुकले की उलटे फिरते. जमिनीवर पडलेले बी रात्रीच्या दवाने एका दिशेने आणि दिवसाच्या उन्हाने दुसऱ्या दिशेने फिरत राहते, मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत आणि थोड्या दिवसांत ते गिरमिटासारखे मातीत शिरते. आग लागते तेव्हा ते सुरक्षित खोलीवर असते. हेच कुसळ गुरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत घुसते, त्यामुळे कुसळ धरण्याआधी गवत कापायचे हा जुना ठोकताळा आहे. उशिरा कापलेल्या गवताला जनावर नीट तोंड लावत नाही.

कुसळी हे चराईच्या आणि आगीच्या माऱ्यात टिकणारे गवत. कुरण चांगले असेल तर त्यात शेडा आणि पवन्या ही सेहिमा वर्गातली उंच गवते, डोंगरी आणि खोलगट मातीवर मारवेल दिसते. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार पाडले. त्यांत दख्खनचे पठार आणि मध्य भारत 'सेहिमा-डायकँथियम' प्रकारात येतात, म्हणजे शेडा-पवन्या आणि मारवेल यांचा मुलूख. अतिचराई झाली की आधी मारवेल आणि शेडा जातात, मग कुसळी माजते, तीही खाल्ली-जाळली गेली की एकवर्षायू बारीक गवते येतात आणि शेवटी गवत नसलेली तणे. हा उतरता जिना आहे. एखाद्या उतारावर कोणते गवत उभे आहे हे पाहून तो उतार कितव्या पायरीवर आहे ते जुने गुराखी सांगतात.

आटगाव परिसरात जिन्याच्या तळाशी तीन नावे पुन्हापुन्हा भेटतात. टाकळा हा त्यातला जुना आणि सौम्य. पहिल्या पावसात त्याची कोवळी पाने आदिवासी बाया शहापूर-कल्याणच्या बाजारात रानभाजी म्हणून विकतात, तेव्हा त्याला शत्रू म्हणणे जिवावर येते. श्रावणात मात्र तो गुडघाभर वाढून खालचे गवत झाकतो आणि गुरे त्याला शिवत नाहीत. दुसरी घाणेरी, म्हणजेच टणटणी, आणि तिसरी रानमोडी. दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. रानमोडी नोव्हेंबर-डिसेंबरात पांढुरक्या-जांभळट फुलांनी डवरते, हजारो हलकी बिये वाऱ्यावर सोडते आणि उन्हाळ्यात वाळून कडकडीत होते. तिला आग लागली की ज्वाळा गवताच्या आगीपेक्षा उंच जातात आणि झाडांच्या फांद्या धरतात. आग विझल्यावर पहिल्या पावसात तीच आधी फुटते.

वणव्याबद्दल बोलताना सगळी आग एका मापाने मोजली जाते, ते चूक आहे. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो, त्यामुळे वरचे पाते कापले, खाल्ले किंवा जळले तरी ठोंब पुन्हा फुटतो. राबासाठी वारा पाहून भाजलेला तुकडा आणि चैत्रातल्या दुपारी बिडीच्या थोटकातून किंवा मुद्दाम लावलेल्या काडीतून डोंगरभर धावलेली आग यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात उंदीर-सरड्यांपासून रोपट्यांपर्यंत सगळे जाते, जमीन उघडी पडते आणि जूनच्या पहिल्या सरी राखेसकट वरची माती ओढ्यात नेतात. हे ओढे तानसा आणि भातसाला मिळतात. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हे दोन. एकट्या भातशातून शहराचे जवळपास निम्मे पाणी येते. उतारावरचे गवत गेले की गाळ नेमका कुठे साठतो, हे वेगळे सांगायला नको.

कुरण परत आणण्याचे काम पावसाळ्यात सुरू होत नाही, ते कार्तिकात सुरू होते. त्या वेळी बी तयार असते. जिथे चांगले कुरण उरले आहे, बहुतेकदा देवराईच्या कडेला किंवा एखाद्या राखलेल्या माळावर, तिथून पिकलेले तुरे मुठीत धरून ओरबाडून घेतात. बी पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवतात. ताजे बी लगेच उगवत नाही. कित्येक रानगवतांच्या बियांना काही महिने सुप्तावस्था लागते, म्हणून आश्विन-कार्तिकातले बी पुढच्या ज्येष्ठातच पेरणे योग्य. बी हलके आणि केसाळ असल्याने वाऱ्याने उडते. त्यावर उपाय म्हणजे ते बारीक माती आणि शेणात कालवून फेकणे. दुसरा मार्ग ठोंबांचा. चांगल्या कुरणातले ठोंब फोडून, त्यांचे दोन-तीन काड्यांचे तुकडे करून पाऊस लागल्यावर हातभर अंतराने लावतात. मारवेल या पद्धतीने चटकन बसते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे निवडक वाण तयार केले आहेत, पण ते चाऱ्यासाठी. रानातल्या कुरणात एकाच वाणाची लागवड करणे म्हणजे पुन्हा शेतच करणे. तिथे निरनिराळ्या गवतांचे मिश्र बी हवे, त्यात रानगवताबरोबर उगवणाऱ्या शेंगवर्गीय वेलीही आल्या.

पेरण्याआधी तण. रानमोडी पावसाळ्यात माती मऊ असताना मुळासकट उपटावी लागते आणि तेही फूल येण्याआधी. नुसती कापली तर बुडाशी चौपट फुटते. घाणेरीचे खोड जमिनीखाली कापून, बुंधा उलटा टाकून वाळवावा लागतो. टाकळा फुलावर येण्याच्या आत उपटावा. हे एका वर्षाचे काम नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षीही फेरी मारावी लागते, कारण मातीत आधीच्या वर्षांचे बी पडलेले असते. सरकारी योजनांना तिसरे वर्ष फार लांबचे वाटते, आणि बहुतेक कुरणे तिथेच हरतात.

मग आग. माघात, गवत पुरते वाळण्याआधी, कुरणाच्या कडेने चार-पाच मीटर रुंदीचा पट्टा कापून साफ करतात किंवा नियंत्रित रीतीने जाळतात. वनखाते त्याला जाळरेषा म्हणते. वापरात नसलेली जाळरेषा दोन वर्षांत झुडपांनी भरते, म्हणून तीही दरवर्षी करावी लागते. सर्वांत स्वस्त जाळरेषा मात्र विळ्याने होते. कार्तिकात गवत कापून नेले की आगीला खायला काही उरत नाही. पाखरांसाठी काही पट्टे न कापता सोडायचे आणि ते पट्टे दरवर्षी बदलायचे, म्हणजे बीही पडते आणि भोवत्यांना रात्रीचा आसराही राहतो.

हवामानाच्या अंगाने गवताकडे पाहताना एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. शहापूरच्या खोल मातीवर चांगले सागवान किंवा मिश्र जंगल हेक्टरी जितका कार्बन धरून ठेवते, तितका गवत जमिनीवर धरत नाही. त्यामुळे असलेले जंगल काढून कुरण करण्याला काहीच अर्थ नाही. गवताचा हिशेब मातीत असतो. बहुवर्षायू गवताची मुळे दाट असतात. दरवर्षी त्यातली काही मरतात, कुजतात आणि मातीत सेंद्रिय कार्बन म्हणून राहतात. जंगलाला आग लागली तर लाकडातला कार्बन धुरात जातो, गवताला आग लागली तर मुळे आणि माती बहुतांशी तशीच राहते. आगीचा आणि दुष्काळाचा धोका जसा वाढत जाईल, तशी ही जमिनीखालची ठेव अधिक भरवशाची ठरते, असे कॅलिफोर्नियातल्या अभ्यासकांनी २०१८ साली दाखवले. जगभर जमिनीवरच्या परिसंस्थांत साठलेल्या कार्बनपैकी सुमारे एकतृतीयांश गवताळ प्रदेशांत आहे आणि त्यातला बहुतेक वाटा मातीत आहे.

या हिशेबात खड्डे बसत नाहीत. पोटखराब्यावर पहारीने खड्डा घेतला की शेकडो वर्षांची मुळांची जाळी तुटते, वर आलेली माती पहिल्या पावसाळ्यात वाहून जाते आणि खड्ड्यातले रोप बहुधा फाल्गुनात वाळते. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावून पुन्हा फोटो निघतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प जगतात खरे, पण त्यांच्या सावलीत मारवेल जगत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. आपल्याकडे जुलै महिना अजून खड्ड्यांचाच असतो.

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडकडे जाणारा रस्ता काळू नदी ओलांडतो. या बाजूला डोंगर जवळ येतात: आजोबा, सिद्धगड, गोरख-मच्छिंद्राचे सुळके. भाताच्या खाचरांचे जिने आणि त्यांच्या वर वरकस, असा देखावा मैलोन्मैल चालतो. मुरबाडजवळच्या म्हशाला पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. तिचा मोठा भाग म्हणजे बैलबाजार. बैल घ्यायला आलेला शेतकरी दात आणि खूर पाहतोच, पण मनात वैरणीचा हिशेब असतो: भाताचा पेंढा किती, गवत किती, उडवी वैशाखापर्यंत पुरेल का. बैलबाजार आणि कुरण यांचे भाग्य एकमेकांशी बांधलेले आहे. घोंगड्यांचाही बाजार इथे भरतो. ज्या मेंढ्यांची लोकर त्या घोंगड्यांत जाते, त्यांच्या धनगरांपैकी काही दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात आणि कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवून खत देतात. गवताचे अर्थकारण असे तालुक्याच्या सीमेबाहेर पसरलेले आहे.

कुरण कोणाचे, हा प्रश्न या भागात कायद्यानेही गुंतागुंतीचा आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडमधली ७७ गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावसमाजाला चराईचा, गौण वनोपज घेण्याचा आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले रान राखण्याचा व नव्याने उभे करण्याचा सामूहिक हक्क दिला. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या पाड्यांनी हा हक्क मिळवला तर विळा, बी आणि जाळरेषा एकाच ग्रामसभेच्या हातात येऊ शकतात. एका खात्याने झाडे लावायची, दुसऱ्याने चराई बंद करायची आणि गावाने वणवा विझवायचा, या व्यवस्थेतून कुरण उभे राहत नाही.

हे घडू शकते याची उदाहरणे राज्यात इतरत्र आहेत. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावे व्याघ्र प्रकल्पातून बाहेर आल्यावर त्यांच्या मोकळ्या शेतजमिनींवर कुरणे वाढवली गेली आणि तृणभक्षी प्राणी तिथे चरू लागले. विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पांत अशा कुरणांसाठी गवते ओळखण्याचे, बी जमवण्याचे आणि वनरक्षकांना ते शिकवण्याचे काम अमरावतीचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांनी चालवले. अकोला-वाशीम भागातला दाखला ठाण्याला अधिक जवळचा आहे. तिथे वडाळ्यासारख्या ठिकाणी फासेपारधी समाजाने कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेच्या सोबतीने गवताळ रान राखले. ज्यांच्या हाती फासे होते, त्यांनाच तितराची आणि तणमोराची घरटी कुठे असतात हे सर्वांत चांगले ठाऊक होते. पुणे जिल्ह्यात शिर्सुफळ आणि कडबनवाडी इथे वनखात्याने माळरानाची सफारी सुरू केली आणि लांडगा-कोल्हा-चिंकारा दाखवण्याचे काम स्थानिक तरुणांना मिळाले. उलट दाखला सोलापूरच्या नान्नजचा. १९७९ साली घोषित झालेले माळढोक अभयारण्य कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते छाटून १,२२२ वर आणले गेले. या सगळ्या काळात माळढोक कमी होतच गेला, कारण पक्ष्याला लागणारे सलग गवत त्या आकड्यांत नव्हते.

सरळगावहून पुढे कल्याण-नगर रस्ता टोकावडे मागे टाकून माळशेजला चढतो. घाटमाथ्यावर वारा इतका असतो की गवत कधी सरळ उभे दिसतच नाही, लाटा जात असतात. इथल्या सड्यावर पावसाळ्यात येणारी मोटारींची रांग गवतावरच थांबते. चाकाखाली दबलेली ओली माती दुसऱ्या वर्षी त्या पट्ट्यात काही उगवू देत नाही आणि दोन समांतर चाकोऱ्या उघड्या खडकाच्या राहतात. बोटभर माती तयार व्हायला लागणारा काळ माणसाच्या आयुष्यात मोजता येत नाही. गाडी डांबरावर थांबवली तर हे टळते.

आटगावला परतताना उतारांकडे पाहून कुठे विळा फिरला आहे ते सहज ओळखता येते. कापलेला उतार फिकट, एकसारखा आणि कडेला उडवी. न कापलेला उतार गडद पिवळा, मधे रानमोडीचे करडे ठिपके. ज्यांना वरकसाचा तुकडा विकत घ्यायचा आहे, घेतला आहे किंवा वारशाने मिळाला आहे, त्यांनी त्यावर झाडे लावण्याआधी एक पावसाळा काहीही न करता काय उगवते ते पाहावे आणि शेजारच्या पाड्यातल्या म्हाताऱ्या गुराख्याला त्या गवतांची नावे विचारावीत. बी पेरायचेच ठरले तर पहिल्या वर्षी त्यात गुरे सोडू नयेत आणि विळाही लावू नये. पहिली कापणी दुसऱ्या वर्षीच्या कार्तिकात.